एआय असिस्टंट कॉम्प्युटरवर उघडेचना, तीन दिवस गेले – माझा अनुभव

मी पुण्यात कर्वेनगरला घरूनच टायपिंगचं काम करते. प्रबंध, प्रोजेक्ट रिपोर्ट, सीझनला दिवाळी अंकाची प्रुफं. पीएचडीवाल्या मुलांना मराठी प्रबंधासोबत इंग्रजी सारांशही द्यावा लागतो, तो तपासायला मी वर्षभर ब्राउझरमधला एक एआय असिस्टंट वापरतेय. माझं कामच त्याच्यावर चालतं असं नाही, पण एका सारांशाला आधी अर्धा दिवस जायचा तिथे आता तासाभरात होतं. त्यामुळे जुलैमधे सोमवारी सकाळी तो उघडेना तेव्हा पोटात गोळाच आला, कारण बुधवारी संध्याकाळी एका मुलाला फायनल फाइल द्यायची होती.

काय व्हायचं सांगते. पत्ता टाकला की पांढरं पान, मधे एक छोटा चौकोन, तुम्ही माणूस आहात का ते तपासतोय असं लिहिलेलं. गोल फिरतंय फिरतंय, मग खूण करायला सांगतं, खूण केली की परत गोल, आणि परत तोच चौकोन. एरर नाही काही नाही. नुसतं फिरत राहतं. बाकी सगळं व्यवस्थित चालू होतं, जीमेल, बँक, यूट्यूब, विद्यापीठाची साइट, आणि तेच तर डोकं फिरवणारं होतं.

नेहमीचे उपाय पटापट केले. कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून पान नव्याने लोड केलं, इन्कॉग्निटोत उघडलं, अॅडब्लॉकर बंद केला, सेवा चालू आहे का ते दाखवणारं कंपनीचं स्टेटस पेज बघितलं तर तिथे सगळं हिरवं, म्हणजे ठीक. फायरफॉक्स टाकून बघितलं, त्यातही तोच चौकोन. एक चूक मात्र केली, कॅशे आणि कुकीज सगळ्याच्या सगळ्या उडवल्या. त्याने सगळीकडून लॉगआउट झाले आणि पासवर्ड आठवण्यात आणि ओटीपी टाकण्यात तास गेला. तुम्ही असं करू नका. पत्त्याच्या डावीकडे जे छोटं चिन्ह असतं त्यावर क्लिक करून फक्त त्या एका साइटचा डेटा काढता येतो. आणि चॅट जातील म्हणून घाबरू नका, ते अकाउंटला असतात, ब्राउझरमधे नाही.

आता खरं अडकले ते इथे. मदत मागायची कुणाकडे? असिस्टंटच्या कंपनीचं मदतीचं बटण मला माहीत होतं, पण ते लॉगिन केल्यावर आतल्या पानावर आहे. म्हणजे पान उघडत नाही ही तक्रार करायला पान उघडावं लागणार. फोन नंबर नाही. ईमेल शोधून पाठवला तर आपोआप उत्तर आलं की मदतीच्या चॅटमधे विचारा. ज्याला आतच जाता येत नाही त्याच्यासाठी बाहेर एक खिडकी असायला नको का हो? पैसे भरून वापरतो आपण. मला अजूनही याचा राग येतो.

मग ब्रॉडबँडवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथे राउटर बंद करा, ३० सेकंद थांबा, चालू करा. केलं. मी म्हणलं, अहो बाकी सगळं चालतंय, फक्त एक साइट अडकतीये. तर म्हणे मॅडम, स्पीड टेस्ट करा. स्पीड उत्तम. तक्रार नोंदवली, उद्या १० ते ६ मधे माणूस येईल म्हणाले. मंगळवारी दिवसभर मी दाराकडे कान लावून बसले, भाजी आणायलासुद्धा खाली गेले नाही, कुणी आलं नाही आणि संध्याकाळी मेसेज आला की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. परत फोन केला तर नवीन माणूस, नवीन तक्रार, पुन्हा राउटर बंद करा.

कॉम्प्युटर शनिवारीच फॉरमॅट करून आणला होता, हळू झाला होता म्हणून एसएसडी, म्हणजे वेगवान हार्ड डिस्क, टाकून घेतली. म्हणून त्या दुरुस्तीवाल्या दादांनाही फोन केला. ते म्हणाले, ताई, बाकी साइट चालतायत ना, मग मशीनचा काय संबंध, नेटचा प्रॉब्लेम आहे. नेटवाले म्हणतात नेट ओके आहे. दोघांच्या मधे मी. भाचा बाणेरला आयटीत आहे, त्याने फोनवरून डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा, बदलायला सांगितलं, १.१.१.१ टाकलं, ८.८.८.८ टाकलं, फरक शून्य.

पण त्यानेच एक कामाची गोष्ट विचारली. मावशी, तुझ्या मोबाइलवर उघडतंय का, त्याच वायफायवर? उघडत होतं! मग म्हणाला आता कॉम्प्युटरला मोबाइलचा हॉटस्पॉट दे. दिला, तरी चौकोन फिरतोच. म्हणजे नेट नाही, अकाउंट नाही, दोन्ही ब्राउझरमधे तेच म्हणून ब्राउझरही नाही, दोष मशीनमधेच. हे दोन प्रयोग मी सोमवारी सकाळीच केले असते तर हेल्पलाइनचे दोन दिवस वाचले असते. तुमचं काही अडलं तर आधी हेच करा, दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

मशीनमधे काय ते मात्र त्यालाही सुचेना, मीटिंग होती, संध्याकाळी बघतो म्हणाला. आणि मला सापडलं ते असं. बुधवारी सकाळी त्या मुलाचा फोन आला, ताई, आत्ताच मेल टाकलाय सुधारलेला. बघते तर मेलवर वेळ मंगळवार रात्री ९:४० आणि शेजारी लिहिलंय १२ तासांपूर्वी. मी म्हणलं, अरे आत्ता टाकलास ना? हो ताई, दोन मिनिटं झाली. भिंतीवर १०:१२. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातही १०:१२. मग मेल काल रात्रीचा कसा?

तिथे डोक्यात प्रकाश पडला. सेटिंग्जमधे टाइम अँड लँग्वेज, त्यात डेट अँड टाइम उघडलं. टाइम झोन, म्हणजे कुठल्या भागाची वेळ धरायची ते, पॅसिफिक टाइम, यूएस अँड कॅनडा! आणि ऑटोमॅटिक वेळ बंद. विंडोज टाकताना देश अमेरिका राहिला असणार, त्यामुळे झोन तिकडचा आला, वेळ चुकीची दिसली म्हणून दादांनी ऑटोमॅटिक बंद करून हाताने आपली वेळ लावली. दिसायला काटा बरोबर, पण आत कॉम्प्युटर समजत होता की अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजलेत. उन्हाळ्यात तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते, म्हणजे जगाच्या हिशेबाने माझं मशीन साडेबारा तास पुढे धावत होतं.

भाच्याने नंतर समजावलं की त्या चौकोनाच्या तपासणीला काही मिनिटांचीच मुदत असते, वेळ जुळली नाही की ती पुरी होत नाही आणि पुन्हा सुरू होते. बाकी साइटना वेळेचं काहीच नसतं असं नाही, पण त्यांची सर्टिफिकेटं, म्हणजे साइट खरी असल्याचे दाखले, आठवडे-महिने चालतात, अर्ध्या दिवसाच्या फरकाने त्यांचं बिघडत नाही. वर्षांचा फरक असता तर बँकसुद्धा उघडली नसती, ब्राउझरने सरळ घड्याळ चुकलंय असं सांगितलं असतं, आणि मला पहिल्याच तासात कळलं असतं.

झोन बदलून यूटीसी अधिक ५:३०, चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली केला, ऑटोमॅटिक वेळ चालू केली, सिंक नाऊ दाबलं, ब्राउझर बंद करून उघडला. चौकोन आला, एकदा फिरला आणि आत! इतका आनंद झाला की आधी चहा टाकला. आणि हो, दोन आयटीवाले, एक दुरुस्तीवाला आणि हेल्पलाइनचे तीन जण यातल्या कुणालाच जे सापडलं नाही ते मला सापडलं याचा मला अभिमान आहे. दोन आयटीवाले म्हणजे भाचा आणि त्याचा मित्र, त्यालाही रात्री विचारून झालं होतं.

म्हणून नुसतं कोपऱ्यातलं घड्याळ बघून गप्प बसू नका, टाइम झोन उघडून बघा, निदान फॉरमॅट करून आणल्यावर तरी. मेलच्या वेळा विचित्र दिसल्या तर ती खूण समजा, मला शनिवारपासून दिसत होत्या आणि मी दुर्लक्ष केलं. गुरुवारी मेंटेनन्सला लाइट गेल्यावर घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर तो वेगळा प्रकार, कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पट्टीवरचा, मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ चा सेल संपलेला असतो. माझ्या भावाचं तसंच होतं, तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सेल मिळाला, बदलल्यापासून बरोबर आहे. त्याच्याकडे विंडोज ७ आहे, त्याचं दुखणं आणखी निराळं, क्रोम ब्राउझर १०९ च्या पुढे जातच नाही, विंडोज ७ साठी नवं क्रोम देणं २०२३ पासून बंद केलंय, त्यामुळे नव्या साइट त्याच्याकडे कधी अर्धवटच उघडतात.

सारांश बुधवारी साडेसातला दिला, दीड तास उशिरा. मुलगा काही बोलला नाही, पण मला उशीर करायची सवय नाही. त्यानंतर दुरुस्तीवाल्या दादांना फोन करून सगळं सांगितलं. आधी म्हणाले टाइम तर मी बरोबर लावला होता, मग जरा गप्प झाले, आणि म्हणाले ताई, त्याच दिवशी अजून दोन मशीन दिलीत मी, एक वारज्याला आणि एक कोथरूडला, थांबा, त्यांना आत्ता फोन करतो.