नऊ महिने आणि वरचे दिवस

बाळंतपणाची तारीख होती ५ फेब्रुवारी २०२४, सोमवार. रविवारी मी डोक्यावरून न्हाले, बॅग पुन्हा एकदा उघडून बघितली. लंगोट, टोपडी, आज्जीनं जुन्या सुती लुगड्याची शिवलेली दुपटी, फाईल, आधार कार्ड, सगळं जागच्या जागी होतं. सोमवारी जाग आली तेव्हा कळ नाही, पाणी गेलेलं नाही, काहीच नाही. दिवसभर ओटीपोटात जरा ताण आला की मी घड्याळ बघायचे. संध्याकाळी आईनं देवापाशी दिवा लावला आणि मला एकदम रडू आलं. मोठ्या परीक्षेला जाऊन बसावं आणि पेपरच वाटू नयेत, तसं वाटत होतं.

पहिलं बाळंतपण म्हणून जानेवारीपासून मी तासगावला माहेरी होते. नोकरी पुण्याची. कायद्यानं बाळंतपणाची रजा २६ आठवडे मिळते आणि त्यातली जास्तीत जास्त ८ आठवडे तारखेच्या आधी घेता येते. मी पाच आठवडे आधी घेऊन बसले होते. त्यामुळे तारीख उलटल्यावर जाणारा प्रत्येक दिवस बाळाच्या वाट्यातून जातोय, असा हिशोब डोक्यात सुरू झाला. नवराही दहा दिवसांची सुट्टी टाकून आला होता आणि ती नुसती वाट बघण्यात संपत चालली होती.

त्यात फोन. सकाळी आठला सुरुवात. ‘काय गं, अजून नाही?’ विचारणाऱ्याच्या मनात माया असते हे कळत होतं, पण दिवसातून बारा वेळा ‘नाही’ म्हणायचं म्हणजे बारा वेळा नापास झाल्यासारखं व्हायचं. शेजारच्या काकूंनी तर ‘उशीर होतोय म्हणजे मुलगाच’ असं जाहीर करून टाकलं. ते मला अजिबात आवडलं नाही आणि मी तसं सांगितलं. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं दोन्ही घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘सगळं ठीक आहे. झालं की आम्हीच कळवू.’ माझा फोन आईच्या कपाटात गेला. हे आधीच करायला हवं होतं. दिवस राहिले की लोकांना नेमकी तारीख सांगूच नये, ‘फेब्रुवारीच्या मध्याला’ एवढं पुरे, असं आता मी ओळखीच्या सगळ्याजणींना सांगते.

तारखेचा मूळ घोळ मात्र माझ्या फाईलमध्येच होता. पाळीच्या हिशोबानं ५ फेब्रुवारी. बाराव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत ९ फेब्रुवारी. आणि आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या कागदावर चक्क २६ जानेवारी! मी आणि नवरा रात्री तिन्ही कागद शेजारी ठेवून बसायचो. २६ जानेवारी खरी असेल तर बाळ केव्हाचं पोटात अडकून पडलंय, या विचारानं माझी झोप गेली होती.

६ तारखेला मिरजेला तपासणीला गेलो तेव्हा मी तेच आधी विचारलं. डॉक्टर मॅडमनी पेन उचललं आणि फाईलच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून दाखवलं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. हा हिशोब पाळी दर २८ दिवसांनी येते असं धरून केलेला असतो. माझी यायची ३२-३३ दिवसांनी, त्यामुळे बीज बाहेर पडायलाच चार-पाच दिवस उशीर. म्हणून बाराव्या आठवड्यात ९ तारीख दिसली. त्या वेळी सगळी बाळं जवळजवळ सारख्याच मापाची असतात, म्हणून ती सोनोग्राफी सगळ्यात भरवशाची. फरक आठवडाभराच्या आत असला तर पाळीची तारीखच कायम ठेवतात. आठव्या महिन्यात मशीन बाळाच्या मापावरून तारीख काढतं. तोवर कुणी अंगानं भरलेलं असतं, कुणी लहानखुरं. तिथं दोन-तीन आठवड्यांची चूक सहज होते. “२६ जानेवारी विसरून जा. तुमचं बाळ जरा अंगानं भरलंय, एवढाच त्याचा अर्थ,” त्या म्हणाल्या. “आणि बरोबर तारखेला येणारी बाळं शंभरात चार-पाच.”

मग त्यांनी पुढची आखणी सांगितली. १२ तारखेला ४१ आठवडे पूर्ण होतात. तोवर दर तीन दिवसांनी बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढायचा आणि बाळाभोवतीचं पाणी मोजायचं. १२ पर्यंत कळा आल्या नाहीत तर दाखल व्हायचं आणि औषधानं कळा आणायच्या. ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा सुरू करून द्याव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आहे. ४२ च्या पुढं वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा भाग, थकते, पाणी कमी होतं, बाळाला धोका वाढत जातो, म्हणून तिथवर जायचंच नाही. पाण्याचं माप त्या दिवशी ९ होतं, ५ च्या वर असलं की चालतं. हे ऐकलं आणि माझ्या छातीवरचा भार निम्मा उतरला. वाट बघायची होतीच, पण आता त्या वाटेला कुंपण होतं.

घरी आल्यावर मी आज्जीला सांगितलं, तर ती म्हणाली, “आमच्या येळंला कुठली आली तारीख? नऊ म्हैनं नऊ दिस.” माझ्या शेवटच्या पाळीचा पहिला दिवस १ मे, तिथपासून मी बोटांवर मोजलं. नऊ महिने नऊ दिवस म्हणजे १० फेब्रुवारी. डॉक्टरांच्या हिशोबात आणि आज्जीच्या हिशोबात फक्त पाच दिवसांचा फरक!

माझ्या वडिलांची, आण्णांची, द्राक्षबाग घरामागंच आहे. तेव्हा माल काढणीला आला होता. संध्याकाळी ऊन उतरलं की मी त्यांच्याबरोबर ओळींमधून हळूहळू चालायचे, कारण मॅडमनी चालायला सांगितलं होतं. आण्णा कमी बोलतात. एकदा व्यापाऱ्याचा फोन आला, छाटणीला किती दिवस झाले म्हणून विचारत होता. आण्णा म्हणाले, “एकशे पस्तीस. पण अजून गोडी भरायची हाय, थांबा.” आणि फोन ठेवून घडाखाली हात धरून तसेच उभे राहिले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पण त्या दिवशी मला झोप लागली.

उपाय सुचवणाऱ्यांना तोटा नव्हता. एरंडेल घे, असं तिघींनी सांगितलं. मॅडमनी स्पष्ट मनाई केली: जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं, आणि ऐन कळांच्या वेळी ताकद उरत नाही. चालणं, पुरेसं पाणी, डाव्या कुशीवर झोप, आणि हालचाल मोजणं, एवढंच करायचं. हालचाल मोजायला मी एक चाळीस पानी वही केली. रात्री जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं आणि बाळ हललं की एक रेघ. दहा रेघा दोन तासांच्या आत व्हायला हव्यात. माझ्या बहुतेक वेळा वीस-पंचवीस मिनिटांत व्हायच्या. दिवसभर मनात काही का चालू असेना, त्या पंचवीस मिनिटांत आम्ही दोघंच असायचो. ते सांगायचं, ‘मी आहे’, आणि मी लिहून घ्यायचे. त्या दिवसांत मला उभं ठेवलं ते या वहीनं.

९ तारखेला, कळा सुरू व्हाव्यात म्हणून, मॅडमनी तपासताना गर्भपिशवीच्या तोंडाशी बोट फिरवून बाळाभोवतीचा पडदा थोडा सुटा केला. दुखलं. नंतर थोडा रक्ताचा डाग दिसला, तसा तो दिसतो असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. रात्री कळा आल्या, दर पंधरा मिनिटांनी. नवऱ्यानं गाडी अंगणात वळवून ठेवली. पहाटे चारला कळा थांबल्या. आशा वाढून अशी विझते तेव्हा जे होतं, ते नुसत्या वाट बघण्यापेक्षा फार जड असतं.

आणि १० तारखेला, आज्जीच्या नऊ महिने नऊ दिवसांच्या दिवशी, वहीत दहा रेघा झाल्या नाहीत. तासाभरात चार. पाणी प्यायले, कूस बदलली, गूळ खाल्ला. दोन तासांनी सात. मॅडमनी बजावलं होतं की अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही. फोन केला, त्या म्हणाल्या, “निघा.” रात्रीचे साडेअकरा झाले होते. आई, जी एरवी तपासणीला कधी आली नव्हती, चपला घालून सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली.

तासगाव-मिरज रस्त्यावर तिनं मला सांगितलं. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता, १९९० मध्ये. मला फक्त ‘राहिला नाही’ एवढंच माहीत होतं. दिवस टळून गेले होते. सगळे म्हणायचे, पहिलटकरणीला उशीर होतोच. शेवटचे दोन दिवस पोट शांत होतं, पण ते कुणाला सांगायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. मग घरीच कळा सुरू झाल्या आणि पाणी हिरवं गेलं, म्हणजे बाळानं पोटातच शी केली होती. हा सगळा आठवडा ती एक शब्द न बोलता घरभर फिरत होती, त्याचं कारण हे. मी तिचा हात धरला. तो गार पडला होता.

दवाखान्यात सिस्टरनी पोटाला दोन पट्टे बांधले आणि मशीन सुरू केलं. क्षणभर खरखर, आणि मग ठोके. घोडा दौडत यावा तसे. १३८, १४२, १४०. आई दारापाशी उभी होती. “आत या, मावशी, बसा,” सिस्टर म्हणाल्या. ती माझ्या पायाशी बसली. पहिली दहा-बारा मिनिटं आलेखाची रेघ सरळच होती. सिस्टर म्हणाल्या, झोपलं असेल, पोटातली बाळं वीस ते चाळीस मिनिटं अशी झोपतात. त्यांनी मला कुशीवर वळवलं, पोटाला हलकेच हलवलं. मग एकदम बाळ फिरलं. पोटावर उंचवटा आला, ठोके १६० च्या वर गेले आणि परत खाली आले. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. हलल्यावर ठोके वाढणं हेच बघायचं असतं. मॅडमनी कागदाची पट्टी हातात घेतली, सोनोग्राफी केली. पाणी ७. बाळ छान.

आईनं विचारलं, “अजून जरा वेळ लावून ठेवता येईल का?” सिस्टरनी काही न बोलता आवाज थोडा मोठा केला. आई डोळे मिटून ऐकत होती. जवळजवळ पाऊण तास. परतताना गाडीत तीच माझ्याशी बोलत राहिली, बाळंतविड्यात काय काय करायचं, अळीव कुठून आणायचे, डिंक कोणता चांगला.

१२ ला संध्याकाळी दाखल झाले. पिशवीचं तोंड अजून नीट मऊ नव्हतं, म्हणून आधी जेल लावलं, सहा तासांनी पुन्हा एकदा. १३ ला गणेश जयंती होती, मिरजेत सकाळपासून आरत्या ऐकू येत होत्या. दुपारी सलाईनमधून कळांचं औषध सुरू केलं आणि मग जे सुरू झालं ते सगळं मला सलग आठवत नाही. औषधाच्या कळा जोरात येतात, दोन कळांमध्ये उसंत कमी मिळते, हे खरं आहे. नवरा पाठ दाबत होता. रात्री नऊच्या सुमारास पाणी गेलं. आई बाहेरच्या बाकावर होती, तिनं दार ढकलून आत डोकं घातलं आणि एवढंच विचारलं, “पाणी कसं आहे?”

“स्वच्छ आहे, मावशी,” सिस्टर म्हणाल्या. आई दार ओढून घेऊन परत बाकावर जाऊन बसली.

१४ तारखेला पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी माझी सुटका झाली. मुलगी. ३ किलो २०० ग्रॅम. वर आलेल्या दिवसांच्या खुणा तिच्या अंगावर होत्या: तळव्यांची कातडी सुरकुतलेली, थोडी सुटलेली, डोक्यावर दाट जावळ, आणि नखं बोटांच्या पुढं आलेली. सकाळी आण्णांबरोबर आज्जी आली, दुपटं बाजूला करून तिनं ती नखं बघितली आणि म्हणाली, “पोटातच नखं वाढवून आली बघ.” आईनं त्यातलं एक बोट आपल्या बोटांत धरलं आणि दुपारी सिस्टर बाळाला वजनाला न्यायला येईपर्यंत सोडलं नाही.