तिजोरीची दुसरी किल्ली

गेल्या मंगळवारी आमच्या पतसंस्थेत एक विक्रेता एन्क्रिप्टेड, म्हणजे माहिती पासवर्डने कुलूपबंद ठेवणारा, पेन ड्राइव्ह घेऊन आला. खोक्यावर ठळक अक्षरात ‘मिलिटरी ग्रेड, २५६ बिट’. मॅनेजर साहेब वाचूनच खूश. संगणकाचं सगळं मी बघते, म्हणून मला आत बोलावलं.

मी विचारलं, “पासवर्ड विसरला तर?”

“काळजीच नको मॅडम. एक फोन करा, आमच्या ऑफिसातून उघडून देतो.”

मोठ्या अभिमानाने सांगत होता तो. माझ्या पोटात मात्र गोळा आला. सभासदांचे आधार, पॅन, ठेवींचे आकडे त्यावर जाणार, आणि ते उघडायची सोय परक्या ऑफिसात!

‘मिलिटरी ग्रेड’ म्हणजे बहुतेक वेळा एईएस, माहिती कुलूपबंद करायची एक पद्धत; ‘२५६ बिट’ ही तिच्या किल्लीची लांबी. दोन बेल्जियन संशोधकांनी तयार केलेली ही पद्धत खुल्या स्पर्धेतून निवडली गेली आणि २००१ साली अमेरिकेच्या निस्ट संस्थेने ती मानक म्हणून जाहीर केली. ती कुणालाही फुकट वापरता येते, आपल्या मोबाइलमध्येही असते. म्हणजे खोक्यावरचं खरंच असेल, पण तेवढ्यावर भरवसा कसा ठेवायचा?

२०१० साली काय झालं ते मी साहेबांना सांगितलं. किंग्स्टन, सॅनडिस्क, व्हर्बेटिम या नामांकित कंपन्यांच्या काही ड्राइव्हमध्ये हेच २५६ बिटांचं एईएस होतं, वर सरकारी मानकाचं प्रमाणपत्रही. जर्मनीतल्या एसवायएसएस कंपनीच्या लोकांनी ते तपासले. पासवर्ड बरोबर आहे की नाही हे ड्राइव्ह तपासतच नव्हता, संगणकावरचा प्रोग्राम तपासायचा. आणि बरोबर असला की ड्राइव्हला ‘उघड’ म्हणून जो संदेश जायचा तो कायम एकच, पासवर्ड काहीही असो. त्यांनी तो संदेश थेट पाठवणारा छोटा प्रोग्राम लिहिला. ड्राइव्ह उघडले. एईएसला कुणी हातही लावला नव्हता.

साहेब म्हणाले, “अहो, पण हे लोक मदतीसाठीच उघडून देणार ना?”

मी म्हटलं, “साहेब, आपल्या तिजोरीची एक किल्ली तुमच्याकडे, एक कॅशियरकडे. डुप्लिकेट सीलबंद करून बँकेत. तिजोरी बनवणाऱ्या कारखान्यात आपण एखादी ठेवली आहे का?”

साहेबांनी ड्राइव्ह खोक्यात घालून परत दिला. विक्रेत्याला मी लिहून विचारलंय: तुमचं ऑफिस ड्राइव्ह उघडतं ते नेमकं कसं, आणि बाहेरच्या कुणी तो तपासलाय का? तोवर बॅकअप व्हेराक्रिप्ट या माहिती कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्राममध्ये घेतेय. पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटाला लाखेचं सील करून तिजोरीत ठेवलाय. सीलवर साहेबांची सही आहे, माझीही.