जाळी नसलेली रिंग

आपल्या शाळेच्या मैदानावर, पाण्याच्या टाकीच्या बाजूला, बास्केटबॉलच्या दोन रिंगा होत्या. जाळी एकीलाही नव्हती. पाचवी ते दहावी मी तिथे खेळले, जाळी कधी पाहिली नाही. त्यामुळे बॉल रिंगमधून गेला की बाहेरून, यावर रोज भांडण व्हायचं. आमचे सर शिट्टी वाजवून म्हणायचे, "पास कुणी दिला? तिला विचारा. टाकणारीपेक्षा तिला नीट दिसतं."

पास बहुतेक वेळा मीच दिलेला असायचा. उंची कमी, म्हणून सरांनी मला पॉइंट गार्ड केलं होतं. बॉल पुढे न्यायचा, कोण मोकळी आहे ते बघायचं, तिच्याकडे द्यायचा. आठवीत मला ही शिक्षा वाटायची, कारण कौतुक व्हायचं ते बास्केट करणारीचं.

2001 साली दहावी झाले. पुढे कॉलेज, विद्यापीठाचा संघ, मग गुडघा. ऑपरेशननंतर पुन्हा उभी राहिले, पण पूर्वीसारखी वळू शकले नाही. त्याच सुमारास एका महाविद्यालयाने मुलींच्या संघाला शिकवाल का म्हणून विचारलं. मी नाही म्हणाले. शिकवायला लागणं म्हणजे खेळाडू म्हणून संपणं, असं मनात पक्कं बसलं होतं.

तेव्हा अमेरिकेची बास्केटबॉलपटू डॉन स्टेलीबद्दल वाचलं. फिलाडेल्फियाच्या उत्तर भागातल्या गरीब वस्तीत वाढलेली, पाच भावंडांत धाकटी, मुलांच्यात घुसून खेळणारी. उंची जेमतेम साडेपाच फूट आणि जागा माझीच, पॉइंट गार्ड. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून ती विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सलग तीनदा शेवटच्या चार संघांत पोचली. 1991 ची अंतिम लढत टेनेसीविरुद्ध जादा वेळेत गेली आणि 70-67 अशी हातून निसटली. विद्यापीठाचं विजेतेपद खेळाडू म्हणून तिला कधीच मिळालं नाही. ऑलिंपिकची सुवर्णं मात्र तीन, 1996, 2000 आणि 2004 ची. अथेन्सच्या उद्घाटनाला अमेरिकेचा झेंडा तिच्या हातात होता.

प्रशिक्षक व्हायचं तिच्याही मनात नव्हतं. टेम्पल विद्यापीठ मागे लागलं आणि 2000 मध्ये तिने होकार दिला, तोही खेळणं न सोडता. अमेरिकेतली व्यावसायिक महिला लीग उन्हाळ्यात असते आणि कॉलेजचा हंगाम हिवाळ्यात. सहा वर्षं ती उन्हाळ्यात स्वतः खेळली आणि हिवाळ्यात मुलींना खेळवलं. हे वाचून मी त्या महाविद्यालयाला फोन केला. आधी पतियाळाच्या क्रीडा संस्थेचा प्रशिक्षकाचा डिप्लोमा केला, मग रुजू झाले.

माझं पहिलं वर्ष फार वाईट गेलं. मुली चुकल्या की मी बाहेरून ओरडायचे, त्या बिचकायच्या, आणखी चुकायच्या. स्टेली 2008 मध्ये साउथ कॅरोलिना विद्यापीठात गेली, तेव्हा तिचा पहिला हंगामही 10 विजय आणि 18 पराभवांचा होता. त्या आकड्यांनी मला किती धीर दिला, ते सांगता येत नाही. एका सामन्यात मी ओरडणं थांबवलं आणि नुसतं पाहिलं. तेव्हा दिसलं की आमची डावीकडची मुलगी प्रत्येक वेळी मोकळी असते आणि बॉल कुणीच तिला देत नाही. टाइमआउटमध्ये एवढंच सांगितलं. पुढच्याच चालीत बॉल तिच्याकडे गेला. पास मी कोर्टाबाहेरून दिला होता, पण हाताला अगदी शाळेतल्यासारखं वाटलं.

अमेरिकेत विजेता संघ शिडीवर चढून रिंगची जाळी कात्रीने कापून घेतो. 1999 मध्ये कॅरोलिन पेक ही विद्यापीठांच्या स्पर्धेत महिलांचं विजेतेपद जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षक ठरली. आपल्या जाळीचा एक तुकडा तिने पुढे स्टेलीला दिला आणि सांगितलं, स्वतःची जिंकशील तेव्हा हा परत कर. 2017 मध्ये डॅलसला स्टेलीचा संघ 67-55 ने जिंकला आणि तिने तुकडा परत केला. मग आपल्या जाळीचे तुकडे करून तिने देशभरच्या कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षकांना धाडले. त्यानंतर तिने 2022 आणि 2024 चं विजेतेपदही जिंकलं, 2024 चं तर 38 पैकी 38 सामने जिंकून. पण मला सगळ्यात जवळचे वाटतात ते टपालाने गेलेले सुतळीएवढे तुकडे.

आपल्या शाळेच्या महोत्सवाला येताना मी दोन जाळ्या घेऊन येणार आहे. प्रत्येकीला बारा फासे असतात, ते रिंगच्या बारा हुकांत अडकवायचे. रिंग 3.05 मीटरवर आहे, तेव्हा शाळेने शिडी काढून ठेवावी. आणि सर येणार असतील, तर पहिला बॉल त्यांनी टाकावा. पास मी देईन.