आमची वाटचाल : बकुळीची साल आणि हिरड्यांचं दुखणं

आमचं छोटं युनिट कुडाळजवळ आहे. सुरुवात दंतमंजनाने झाली. आज मुख्य माल म्हणजे गुळण्यांचा अर्क. त्यात बकुळीची साल, खैर, हिरडा आणि किंचित लवंगेचं तेल. हिरड्या सुजल्या की बकुळीची, म्हणजे आमच्या ओवळीची, साल उकळून गुळण्या करायच्या ही जुनीच रीत. नवा शोध आमचा नाही. दर बाटलीत तोच अर्क उतरला पाहिजे, एवढाच आमचा हट्ट.

आणि खरी कसोटी तिथेच. साल जून की कोवळी, कधी काढली, यावर तुरटपणा बदलतो. मृगाआधी ती खडखडीत वाळली नाही तर बुरशी धरलीच म्हणून समजा. असा माल आम्ही परत पाठवतो, देणारा कितीही ओळखीचा असो. चांगल्या सालीची भरड आठपट पाण्यात रात्रभर भिजते आणि सकाळी मंद आचेवर चौथाई उरेपर्यंत आटते. भांडं स्टीलचंच, लोखंडी कढईत टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य, लोहाशी मिळून काढा शाईसारखा काळा होतो. नीट उतरलेला काढा तांबूस दिसतो, जिभेवर थेंब ठेवला की तोंड आवळून येतं. हा तुरटपणाच कामाचा. टॅनिन प्रथिनांना बांधतं, म्हणून सैल पडलेली, रक्त येणारी हिरडी आवळते. लवंगेतलं युजेनॉल दंतवैद्य झिंक ऑक्साइडबरोबर आजही वापरतात. निव्वळ तेल मात्र हिरडी भाजतं, तेव्हा ते मोजूनच घालायचं.

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालचा आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना घेतला, मगच दुकानांत गेलो.

दुकानदार म्हणतात, ‘‘पायोरिया बरा होतो असं छापा, खप वाढेल.’’ आम्ही छापत नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत असे अर्क दात किडवणारा स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा जंतू आणि कॅन्डिडा ही बुरशी यांची वाढ रोखतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. पण तोंडात म्युटन्ससारखे जंतू साखरेपासून चिकट थर बनवून दातांवर ठाण मांडतात, आणि अर्क आत मुरायच्या आत लाळ त्याला धुऊन नेते. रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्या त्या मानाने थोड्या. क्लोरहेक्सिडीनने, म्हणजे दंतवैद्य देतात त्या जंतुनाशक गुळण्यांच्या औषधाने, दातांवर डाग पडतात हे खरं, पण म्हणून आमची बाटली त्याची जागा घेते असं सांगणं गिऱ्हाइकाशी प्रतारणा ठरेल. पू, ताप किंवा गालाला सूज असेल तर आधी दंतवैद्य. आमच्याकडे मिश्री, म्हणजे भाजलेली तंबाखू, लावणाऱ्या बायका खूप. तोंडातला चट्टा किंवा व्रण दोन आठवड्यांत गेला नाही तर गुळण्या करत बसू नका, कर्करोग नाही ना हे तपासून घ्या. हे आम्ही बाटलीवरच मोठ्या अक्षरांत छापतो.

साल फक्त छाटलेल्या फांद्यांची घेतो. खोड गोल सोललं की झाड मरतं. ओवळ वाढायला वेळ घेते, म्हणून यंदा बागायतदारांना रोपं फुकट देतोय. कुंपणाच्या कडेला लावा. फुलं तुमच्या वळेसराला, म्हणजे गजऱ्याला, छाटणीची साल आम्हाला, रोख भावाने.