स्वप्नात काय करायचं, ते जागेपणी ठरवताना

ल्युसिड ड्रीमिंगचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग स्वप्नात उडतेस का?" झोपेत असतानाच 'हे स्वप्न आहे' अशी जाणीव झाली की पुढची पायरी उडणं, असं बहुतेकांना वाटतं. मी उडण्याचं उद्दिष्ट अजून ठेवलेलंच नाही. माझं पहिलं उद्दिष्ट होतं, सकाळी उठल्यावर स्वप्नाचं निदान एक वाक्य वहीत उतरवायचं. नव्याने सुरुवात करणाऱ्या कुणालाही मी तिथूनच सुरुवात करायला सांगेन. जे स्वप्न आठवतच नाही, त्यात 'हे स्वप्न आहे' हे कळलं काय नि नाही काय, हाती काहीच लागत नाही.

मी नाशिकच्या सिडकोत राहते आणि अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटेच अलार्म होतो. हे सांगायचं कारण म्हणजे माझी उद्दिष्टं या अलार्मनेच ठरवली. झोपेचं एक चक्र साधारण 90 मिनिटांचं असतं. त्यातला आरईएम टप्पा, ज्यात डोळे पापण्यांखाली भराभर हलतात आणि सगळ्यात जिवंत स्वप्नं पडतात, तो रात्रीच्या सुरुवातीला लहान असतो आणि पहाटेकडे लांबत जातो. म्हणजे अलार्म नेमका सगळ्यात भरघोस स्वप्नांवर येऊन पडतो. म्हणून मी सरळ दोन भाग केले. कामाच्या दिवशी फक्त आठवायचं आणि लिहायचं. प्रत्यक्ष प्रयत्न साप्ताहिक सुट्टीच्या पहाटे, तेही आदल्या रात्री लवकर झोपून. झोप कापून हे करायचं नाही, हे मी वहीत सगळ्यात वर लिहिलं.

सासूबाईंनी एकदा विचारलं, "उठल्या उठल्या काय लिहितेस गं?"

"स्वप्न लिहिते, आई."

"पहाटेचं असेल तर जपून लिही. पहाटेची स्वप्नं खरी होतात."

खरी होतात की नाही ते राहू दे, पण आठवतात मात्र नक्की. आईंच्या लहानपणापासून चालत आलेल्या या समजुतीत पहाटेच्या स्वप्नांचा ठसठशीतपणा कुणीतरी फार पूर्वी हेरलेला आहे, असं मला मनापासून वाटतं.

आठवण्याची युक्ती साधी आहे. जाग आली की हलायचं नाही, फोन उचलायचा नाही, डोळे मिटलेलेच ठेवून 'आत्ता मी कुठे होते?' एवढंच स्वतःला विचारायचं. सुरुवातीला एखादा रंग, एखाद्या खोलीचा वास, पोटात उरलेली धाकधूक, इतकंच मिळतं. तेवढंही लिहायचं. हळूहळू माझी पानं भरायला लागली आणि मागची पानं चाळताना एक ठिकाण पुन्हा पुन्हा दिसलं: जुनं सीबीएस, म्हणजे नाशिकचं एसटी स्टँड.

माझं माहेर कळवणचं, त्यामुळे आयुष्यातला बराच वेळ एसटीची वाट बघण्यात गेलेला आहे. स्वप्नात मी हातात पिशवी घेऊन स्टँडवर उभी असते, गाडी लागलेली असते आणि पाटी वाचता येत नाही. कधी सटाणा दिसतं, मान वळवून पुन्हा बघितलं की पेठ, कधी नुसतीच अक्षरांची गर्दी. वर्षानुवर्षं हे स्वप्न पडत होतं आणि मी प्रत्येक वेळी घाबरी होऊन गाडी शोधत फिरत होते. वहीमुळे पहिल्यांदा कळलं की ही माझी खूण आहे. इंग्रजीत ज्याला ड्रीम साइन म्हणतात, ती प्रत्येकाची वेगळी असते आणि दुसऱ्याकडून उसनी घेता येत नाही.

मग दुसरं उद्दिष्ट ठरलं, आणि ते जागेपणीचं होतं. दिवसा कुठेही बसची पाटी दिसली, एसटीची असो वा सिटीलिंकची, की ती वाचायची, नजर काढायची, पुन्हा वाचायची. अक्षरं बदलली का? स्वप्नात लिहिलेला मजकूर सहसा टिकत नाही, दुसऱ्या नजरेला बदलतो. जोडीला दुसरी चाचणी: नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघायचा. स्वप्नात नाक बंद असूनही श्वास आत जातो. यात संख्येपेक्षा मन महत्त्वाचं आहे. दिवसभर यांत्रिकपणे नाक दाबत राहण्यापेक्षा थोड्याच वेळा, पण 'हे खरंच स्वप्न असू शकेल' असा विचार खरोखर करून बघणं जास्त कामाला येतं. त्र्यंबक नाक्यावर सिग्नलला थांबलेली असताना मी असा विचार करते, तेव्हा क्षणभर आजूबाजूचा गोंगाटही वेगळा ऐकू येतो.

तिसरं उद्दिष्ट सुट्टीच्या पहाटेचं. याला माइल्ड पद्धत म्हणतात. ती अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन केलेल्या स्टीफन लाबर्ज यांनी मांडली. साधारण पाच तासांच्या झोपेनंतर उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं, आणि पुन्हा पडताना आत्ताच पडलेलं स्वप्न आठवून त्यात 'इथे मला कळलं असतं' असं स्वतःला बघायचं. मनात एकच वाक्य ठेवायचं: पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा हे स्वप्न आहे हे मला आठवेल. येताना कोथिंबीर आणायची हे लक्षात ठेवण्यासाठी जी स्मरणशक्ती लागते, तीच इथे कामाला येते.

अपेक्षा किती ठेवायची, याला मला एका आकड्याची फार मदत झाली. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड विद्यापीठातल्या डेनहोम अ‍ॅस्पी यांच्या 2017 मधल्या अभ्यासात दिवसाच्या चाचण्या, पहाटे उठणं आणि माइल्ड हे तिन्ही एकत्र करणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात सुमारे 17 टक्के यश आलं. माइल्ड केल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांचं यश जवळपास 46 टक्के होतं. म्हणजे बहुतेक पहाटा रिकाम्या जाणारच. म्हणून 'या सुट्टीला ल्युसिड व्हायचंच' हे उद्दिष्ट मी ठेवत नाही, कारण ते माझ्या हातात नाही. 'या सुट्टीला माइल्ड नीट करायचं आणि शांतपणे झोपायचं', हे हातात आहे. रिकाम्या पहाटेनंतरही माझं ठरवलेलं काम पुरं झालेलं असतं, आणि म्हणूनच मी टिकले.

चौथं उद्दिष्ट मात्र आत गेल्यावरचं. इथे मला इंग्लंडमधला एक प्रयोग फार आवडतो. एप्रिल 1975 मध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी अ‍ॅलन वर्स्ली या स्वप्नं पाहणाऱ्या माणसाशी आधीच ठरवून ठेवलं होतं की स्वप्न आहे हे कळलं की डोळे डावीकडे-उजवीकडे ठराविक वेळा फिरवायचे. आरईएम झोपेत बाकी शरीर जवळजवळ लुळं असतं, डोळे मात्र हलतात. वर्स्लींनी झोपेतून ती खूण केली आणि यंत्रावर ती उमटली. ल्युसिड ड्रीम खरं असतं याचा पुरावा उभा आहे तो जागेपणी ठरवलेल्या एका छोट्याशा कृतीवर! स्वप्नात आठवण पातळ असते, लांबलचक बेत तिथे पोचत नाही. एक कृती, एका वाक्यात, शरीराने करता येण्यासारखी: एवढीच पोचते.

माझं वाक्य होतं, 'पाटी दोनदा वाचायची आणि गाडीत खिडकीशी बसायचं.'

एका पहाटे तसं झालं. पाटीवर कळवण होतं, पुन्हा बघितलं तर ती अक्षरं कुठल्याच लिपीतली नव्हती. छातीत एकदम आनंद उसळला आणि दृश्य विरायला लागलं. हेही आधी वाचलेलं होतं, म्हणून मी दोन्ही हात एकमेकांवर चोळले. तळव्यांची ऊब लागली आणि स्टँड परत स्पष्ट झालं. मी गाडीत चढले. सीटचं रेक्झिन थंड होतं, खिडकीची काच खडखडत होती. गाडी सुटायच्या आतच मला जाग आली, पण मी बसले होते. इतक्या वर्षांत त्या स्वप्नात मी पहिल्यांदाच कुठल्यातरी गाडीत बसले होते. त्यानंतर ते स्वप्न पडतं, पण आता त्यात मी घाबरी होत नाही.

एक गोष्ट काळजीने सांगते. पहाटे असं उठून झोपताना कधी कधी जाग येते, पण अंग हलत नाही. याला स्लीप पॅरॅलिसिस म्हणतात. ते थोड्या वेळात आपोआप सुटतं, पण माहीत नसेल तर माणूस भेदरतो. ज्यांना आधीच झोपेचा त्रास आहे, किंवा खरं काय आणि भास काय यात गोंधळ होण्याचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय यात पडू नये.

पुढच्या सुट्टीचं वाक्य वहीत लिहून ठेवलंय: कंडक्टरला विचारायचं, "दादा, ही गाडी कुठे चाललीय?" उत्तर काय येईल याचा मला जागेपणी अंदाज बांधता येत नाही. म्हणूनच उडण्याच्या आधी हे ठेवलंय.