ह्यांच्या नावाची पाकिटं

दर मंगळवारी मी लंडनमधल्या वेम्बलीतल्या एका वाचनालयात मदतीच्या टेबलावर बसते. पेन्शन, घरभाडं, विजेचं बिल, ज्याचं जे अडेल ते घेऊन लोक येतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अशाच एका मंगळवारी काकू आल्या. वय ७८. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि पिशवीतून रबरबँड लावलेला गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला.

नऊ पाकिटं. पाच फोडलेली, चार तशीच. सुरुवातीच्या पाकिटांवर काकांचं नाव, नंतरच्यांवर नावच नाही, नुसतं ‘या पत्त्यावर राहणारे’. सगळी टीव्ही लायसन्सची, म्हणजे ब्रिटनमध्ये घरी टीव्ही बघायला पैसे भरून घ्यावा लागतो त्या परवान्याची. हप्ता आला नाही, लायसन्स बंद झालं, चौकशी होईल, अधिकारी घरी येऊ शकेल, असा एकेका पत्रागणिक चढत गेलेला सूर.

“हे फेब्रुवारीत गेले गं. आणि ह्यांच्या नावाने पत्रं येतच राहिली. आता पोलीस येणार का घरी?”

झालं होतं असं. बर्मिंगहॅमला राहणाऱ्या मुलाने वडिलांची खाती आवरताना बँकेच्या ॲपवर लायसन्सचं डायरेक्ट डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप जाणारा हप्ता, रद्द केलं होतं. हप्ता थांबला म्हणजे विषय संपला, असं त्याला वाटलं. अनेकांना तसंच वाटतं. पण त्याने फक्त पैसे थांबतात. लायसन्स नको, किंवा ते दुसऱ्याच्या नावावर करायचंय, हे लायसन्सवाल्यांना वेगळं कळवावं लागतं. मृत्यूची नोंद झाल्यावर ‘टेल अस वन्स’ या सरकारी सेवेतून पेन्शन, टॅक्स, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स अशा खात्यांना एकदमच कळवता येतं. मुलाने तेही केलं होतं. टीव्ही लायसन्स मात्र त्या यादीत नाही. काका गेले हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

आधी काकूंची भीती घालवणं भाग होतं. लायसन्स नसताना टीव्ही बघणं हा इथे गुन्हा आहे आणि कोर्टात १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, हे मी लपवलं नाही. पण दारात येतो तो पोलीस नसतो, आणि वॉरंटशिवाय त्याला घरात घेण्याची सक्ती नाही, हेही सांगितलं. मग विचारलं, “काकू, टीव्ही बघता का?”

“छे गं. टॅबवर यूट्यूबला जुन्या मालिका लावते.”

त्याला लायसन्स लागत नाही. ‘लायसन्सची गरज नाही’ असं कळवायचा फॉर्म मी उघडलासुद्धा. पण हा प्रश्न मी नेहमी दोनदा विचारते. आपल्या लोकांना वाटतं, लायसन्स फक्त बीबीसीसाठी असतं. तसं नाही. कुठलंही चॅनल त्याच वेळी, लाइव्ह बघितलं तर ते लागतं, मग ते ॲपवरचं मराठी चॅनल का असेना. बीबीसीच्या आयप्लेअर या ॲपवर तर सप्टेंबर २०१६ पासून काहीही बघितलं तरी लागतं.

“लाइव्ह काहीच नाही?”

“नाही. फक्त सहाच्या बातम्या. हे सहाला लावायचे ना. मी चहा ठेवते आणि लावते. बघत नाही गं मी, नुसता आवाज असतो घरात.”

मी फॉर्म बंद केला. खोटं लिहून देण्यात मला काकूंना ओढायचं नव्हतं. तेव्हाच्या दराने वर्षाचे १७४.५० पौंड भरावे लागतील म्हटल्यावर काकू लगेच म्हणाल्या, “मग बंद करते बातम्या.”

ते मला सहन झालं नाही. पत्रं बाजूला ठेवून मी पैशांचं विचारायला लागले. सरकारी पेन्शन आणि काकांच्या कारखान्याच्या पेन्शनचा तुटपुंजा वाटा मिळून आठवड्याला १९० पौंडांच्या आसपास. शिल्लक १०,०००च्या बरीच आत. एकट्या माणसाची मिळकत ठरावीक रकमेपेक्षा (तेव्हा, २०२५ मध्ये, आठवड्याला २२७.१० पौंड) कमी असेल, तर पेन्शन क्रेडिट ही कमी मिळकतीच्या निवृत्तांसाठीची सरकारी मदत वरची भर घालते. आणि वयाची ७५ वर्षं झालेल्या माणसाला पेन्शन क्रेडिट मिळत असेल, तर टीव्ही लायसन्स फुकट मिळतं. पूर्वी ७५च्या पुढच्या सगळ्यांनाच मिळायचं, ऑगस्ट २०२० पासून ते बंद झालं. “हो, तेव्हापासूनच ह्यांनी हप्ता लावला होता,” काकू म्हणाल्या. पेन्शन क्रेडिटसाठी अर्ज करायला हवा, हे काका गेल्यानंतरच्या आठ महिन्यांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तिथूनच दोन फोन लावले. पेन्शन क्रेडिटच्या अर्जाला पाऊण तास लागला. मागच्या तीन महिन्यांचंही मागून घेतलं. दुसरा फोन लायसन्ससाठी. काका गेल्याचं सांगितलं, तेव्हा पलीकडच्या मुलीने दुःख व्यक्त केलं. काकूंनी फोन दोन्ही हातांत धरला आणि इंग्रजीत “थँक यू, बेटा” म्हणाल्या. निर्णय येईपर्यंत बातम्या बंद पडू नयेत म्हणून काकूंच्या नावाने पेमेंट कार्ड मागवलं. कोपऱ्यावरच्या दुकानात थोडे थोडे पैसे भरता येतात.

न फोडलेली चार पाकिटं मी फोडणार होते. काकूंनी त्यातलं काकांच्या नावाचं एक काढून पर्समध्ये ठेवलं. “हे राहू दे.”

डिसेंबरात त्यांचा फोन आला. पेन्शन क्रेडिट मंजूर झालं होतं, लायसन्सचा अर्जही गेला होता. कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे घरावरच्या स्थानिक कराच्या, सवलतीचं मी समजावत होते, तेवढ्यात काकू मध्येच म्हणाल्या, “अगं, सहाला दोन मिनिटं आहेत. उद्या बोलू.” आणि त्यांनी फोन ठेवला.