तुम्ही विचारलंत म्हणून: एचआरवाली नक्की कोणाच्या बाजूने बोलते?

मी चाकणच्या एका कारखान्यात एचआर, म्हणजे कामगारांची भरती, पगार, रजा हे सगळं बघते. कामगार कायद्यांचे मसुदे निघाले की हरकती-सूचना पाठवते, वेळ मिळाली तर लोकप्रतिनिधींना भेटायलाही जाते. त्यावर दोन्हीकडून एकच विचारणा होते: "मॅडम, तुम्ही नक्की कोणाच्या वतीने बोलता?" कंपनीतल्यांना वाटतं मी कामगारांची वकिली करते. युनियनवाल्यांना वाटतं मला मालकाने पाठवलंय. आता एकदाच सविस्तर सांगते.

पगार मला मालक देतो, ते मी कधी लपवलेलं नाही. पण मुलाखती झाल्यावर दार लावून यादीतलं कोणतं नाव का कापलं जातं, हे ना कामगाराला कळतं ना कायदा करणाऱ्याला. मला कळतं. मग ते मी नाही तर कोणी सांगायचं?

बाळंतपणाच्या रजेचंच घ्या. २०१७ च्या दुरुस्तीने ती १२ आठवड्यांची २६ झाली. मला ती तेव्हाही हवी होती, आजही हवी आहे. माझा आक्षेप आहे तो पैसे कोणी भरायचे यावर. महिना २१,००० पर्यंत पगार असलेली बाई ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असते, तिच्या रजेचे पैसे त्या योजनेचं महामंडळ देतं. या योजनेसाठी मालक त्यातल्या प्रत्येक कामगारामागे, पुरुष असो की बाई, पगाराच्या ३.२५ टक्के भरतो आणि कामगार ०.७५ टक्के. त्यामुळे बायकांना कामावर घेणाऱ्यावर वेगळा भुर्दंड पडत नाही. पगार त्या मर्यादेच्या वर गेला की मात्र सहा महिन्यांचे पैसे एकट्या मालकाने द्यायचे. ज्याच्याकडे बायका जास्त, त्याच्यावर बोजा जास्त. यातले ७ आठवड्यांचे पैसे मालकांना परत देण्याच्या योजनेवर काम चालू असल्याचं केंद्रीय कामगार मंत्रालयाने २०१८ मध्ये सांगितलं होतं, तेही १५,००० पर्यंतच्या पगारापुरतं. आमच्या हाती त्यातलं काही आलं नाही.

हेच सांगायला मी एका लोकप्रतिनिधींच्या बैठकीला गेले होते. काही लघुउद्योजक होते, एका महिला संघटनेच्या कार्यकर्त्या होत्या आणि मी. माझ्या टिपणाचं पहिलंच वाक्य होतं, "रजेचा एकही दिवस कमी करू नये." वेळ थोडा होता म्हणून मी आकड्यांपासून सुरुवात केली. (तिथेच घोळ झाला असं मला पुष्कळांनी सांगितलं. मला ते पटत नाही. आकडे मांडल्याशिवाय तिथे कोणी मान वर करत नाही.) मग म्हटलं, इंजिनिअरच्या जागेसाठी नुकतंच लग्न झालेली मुलगी आली की तिचं नाव मागे पडतं, मी हे पाहिलंय.

त्या संघटनेच्या ताई ताडकन म्हणाल्या, "स्वतः बाई असून तुम्ही बायकांच्या रजेवर उठलात?"

मी म्हटलं, पहिलं वाक्य वाचा. त्यांनी वाचलं. मग शांतपणे म्हणाल्या, "बरं. जिचं नाव मागे पडलं तिचं नाव द्या, उद्याच तक्रार करू."

मी गप्प झाले. त्या मुलीला स्वतःलाही कारण माहीत नव्हतं, आणि ते बाहेर सांगितलं तर माझी नोकरी जाणार. त्या म्हणाल्या, "नाव देणार नसाल, तर तुम्ही इथे फक्त मालकाची भीती घालायला आलात."

पुढे बैठकीचं इतिवृत्त आलं. त्यात होतं, की उद्योगांच्या प्रतिनिधींनी २६ आठवड्यांच्या रजेचा फेरविचार करण्याची विनंती केली. फेरविचार हा शब्द माझ्या तोंडून निघालेलाच नव्हता. दुरुस्ती करा म्हणून पत्र पाठवलं, उत्तर नाही. कंपनीत मात्र साहेबांनी बोलावून सांगितलं, "छान बाजू मांडलीत." ताईंच्या बोलण्यापेक्षा मला ती शाबासकी जास्त लागली.

ताई निघताना आणखी एक विचारून गेल्या होत्या: "तुमच्या लाइनवरच्या मुली ईएसआयमध्ये आहेत ना? तिथे रजेसाठी मालकाला वेगळा खर्च नाही. मग त्यांना लग्नाचं विचारत नाहीत का?"

विचारतात. सुपरवायझरला रिलीव्हर, म्हणजे बदली कामगार, शोधावा लागतो, नवा हात शिकवावा लागतो, म्हणून विचारतात. तेव्हाची मी ठामपणे म्हणायचे, खर्च सगळ्यांत वाटला की भेदभाव संपेल. आज मी तिच्याशी भांडते. ती म्हणते, बघ, लाइनवर मुलींना घेतात तरी, इंजिनिअर म्हणून घेत नाहीत, फरक पैशाचाच आहे. मी म्हणते, लाइनवरच्या कितीतरी मुली कॉन्ट्रॅक्टवर असतात, बाळंतपणाची वेळ येईपर्यंत त्यांना कोणी ठेवतच नाही, मग त्यांच्यावरून काय सिद्ध होतं? यावर तिच्याकडे उत्तर नाही. पण सगळा बोजा एकावर टाकणं योग्य आहे, असं माझ्याच्यानेही म्हणवत नाही.

दरम्यान सामाजिक सुरक्षा संहिता (बाळंतपणाची रजा आणि ईएसआय हे दोन्ही आता याच कायद्यात येतात) सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. २६ आठवडे कायम राहिले, आणि मर्यादेच्या वरच्या पगाराला पैसे मालकानेच द्यायचे हेही कायम राहिलं. आमच्या क्षेत्रात चर्चा रंगली ती वेतनाच्या नव्या व्याख्येची आणि ५० टक्क्यांच्या हिशेबाची, म्हणजे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनातच धरायची, याची. नोकरीला लागले तेव्हा मला शिकवलं होतं, कायदा करणं त्यांचं काम, पाळणं आपलं. मी तसं मानत नाही. जे पाळताना अडतं, ते कायदा करणाऱ्याच्या कानावर घालणं हेही आमचंच काम आहे.

पुढच्या टिपणात दोन मागण्या आहेत. पहिली, २१,००० च्या वरच्या पगारालाही ईएसआयसारखा सगळ्यांच्या वर्गणीचा निधी करा. दुसरी, प्रत्येक कंपनीला वार्षिक विवरणात भरायला लावा, की कोणत्या हुद्द्यासाठी किती बायकांनी अर्ज केले, किती घेतल्या आणि रजेवरून आलेल्या किती जणी वर्षभरानंतर कामावर आहेत. त्यात कोणत्याच मुलीचं नाव द्यावं लागणार नाही. पहिली मागणी कंपनीच्या लेटरहेडवर जाईल, साहेबांचा होकार आलाय. दुसरीवर त्यांनी काट मारली. ती स्वतःच्या सहीने पाठवायची का, हे मी अजून ठरवलेलं नाही.